उन्हातलं टेबल

उन्हाळा सुरू झाला की नाही, हे आमच्या घरात बाबा ठरवतात. दुपारी पश्चिमेच्या खिडकीखाली उकिडवे बसतात, जमिनीच्या लाकडी फळ्यांवर तळहात टेकवतात, आणि हात उचलावासा वाटला की तिथूनच हाक देतात, "चला रे, मांडणी बदला."

बाबा म्हणजे माझे सासरे. लाकडाला पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला. बोटांच्या पेरांत चपड्याचा, लाखेच्या पॉलिशचा, तपकिरी रंग असा मुरलाय, की काम सोडून इतका काळ लोटला तरी तो साबणाला दाद देत नाही. ऊन हा त्यांचा जुना वैरी. पाणी सांडलं तर पुसता येतं, चरा पडला तर भरता येतो. ऊन मात्र गोड बोलून घर लुटणाऱ्या पाहुण्यासारखं रोज थोडंथोडं नेतं, आणि आपल्याला कळतं तेव्हा नेऊन झालेलं असतं, असं ते म्हणतात.

म्हणून मांडणी. जेवणाचं टेबल खिडकीखालून निघून आतल्या भिंतीला लागतं. सतरंजी गुंडाळून ठेवली जाते, कारण ती तशीच राहिली तर तिच्याखालची जमीन गडद आणि बाजूची फिकी, मनगटावर घड्याळाचा पट्टा उमटतो तशी. कपाटाला जुनी चादर. आरामखुर्ची दर रविवारी थोडी फिरवायची, म्हणजे रंग उडालाच तर सगळीकडून सारखा उडेल. आणि जाड पडदा, तो ऊन यायच्या आधी ओढायचा. ऊन आल्यावर ओढला तर बाबा म्हणणार, "चोर गेल्यावर कुलूप लावलंस होय!"

माझा नवरा यावर म्हणतो, "आमच्याकडे माणूस उन्हात बसलेला चालतो. खुर्ची बसता कामा नये."

ते टेबल अक्रोडाच्या लाकडाचं आहे. बाबांनी ते कुणासाठी नाही, स्वतःच्या घरासाठी केलं. सुतारकाम मित्राचं, पॉलिश त्यांचं. मलमलीत कापूस गुंडाळून त्याच्या बोळ्याने एकावर एक इतके पातळ हात दिलेत, की वरून बघताना लाकडात खोल बघतोय असं वाटतं. सासूबाई असताना त्यावर गरम भांडं ठेवायची कुणाची छाती नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या होत्या. भिंगरी व्हायच्या आधीच गेल्या.

भिंगरी म्हणजे माझी लेक. एका जागी ठरत नाही म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. या उन्हाळ्यात ती धरून धरून उभी राहायला लागली होती. आणि याच उन्हाळ्यात माझी रजा संपत होती. मी एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करते, काचपट्टीवरचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी ती ताणून ताणून लांबवली होती. शेवटी आमच्या विभागप्रमुख बाईंचा फोन आला, "येणार आहेस की जागा भरू?" मी येते म्हणाले.

भिंगरी बाबांकडे राहणार, हे आधीपासून ठरलेलंच होतं. तेच म्हणाले होते. "मी काय दिवसभर माश्या मारू? आजोबा कशाला असतात मग?"

त्यात नको म्हणण्यासारखं काही नव्हतं. बाबा धडधाकट होते. पेपर वाचायचे, जिना उतरून दूध आणायचे, आणि शेजारी राहणाऱ्या शिवणमावशींना मशीनच्या सुईत दोरा ओवून द्यायचे. त्या पडदे शिवतात, आमचे जाड पडदे त्यांच्याच हातचे. चष्मा कपाळावर चढवून त्या दाराशी यायच्या, "अहो, ओवा हो एवढं. माझी दृष्टी गेली कामातून." आणि बाबा एका फटक्यात ओवायचे.

तरी माझा जीव टांगणीला लागलेला होता. मी काळजी करते, हे काही नवीन नाही. नवरा म्हणतो, तुला काळजी करायला काही मिळालं नाही तर तू त्याचीच काळजी करतेस. पण दिवसभर काचपट्टीवर शंभर सारख्या पेशींतली एक वेगळी शोधायची सवय लागली, की ती घरी उंबऱ्याबाहेर काढून ठेवता येत नाही. मी बाबांकडे बघत राहायचे. चहा ओतताना ते हल्ली कपाच्या काठावरून आत बोट ठेवायचे. भिंगरीच्या मोज्याला त्यांनी मावशींकडून छोटी घंटी शिवून घेतली होती. कुठेही गेली की किणकिण. "लाड आहेत आजोबांचे," मावशी म्हणाल्या, आणि मलाही ते लाडच वाटले.

मग मांडणीचा दिवस आला. बाबांनी हाक दिली. मी आणि नवरा टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिलो.

"टेबल राहू दे," बाबा म्हणाले.

"राहू दे?"

"इथेच. जरासं अलीकडे घ्या. हं, बस. पोरीला रांगायला आतली भिंत मोकळी हवी. आरामखुर्ची कपाटाशेजारी. ते बुटकं शेल्फ स्वयंपाकघराच्या दाराशी आणा."

नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. "ऐकलंस? नातीसाठी अक्रोड उन्हात! मी लहान होतो तेव्हा मला टेबलाला टेकून उभं राहू देत नव्हते."

"तू टेकत नव्हतास. तू चावत होतास," बाबा म्हणाले. आम्ही हसलो आणि विषय तिथेच संपला.

पडदा होताच. पण त्या वर्षी रस्त्यापलीकडच्या कोपऱ्यावर, आमच्या खिडकीला तिरकी, एक नवी इमारत उभी राहिली होती, पुढून सगळी काचेची. दुपारी ऊन त्या काचांवर आदळून तिरकं आमच्याकडे यायचं, आणि पडद्याच्या कडेने पट्ट्यासारखं आत शिरून नेमकं टेबलाच्या कोपऱ्यावर पडायचं. काही दिवसांतच मला तो कोपरा फिका दिसायला लागला. आधी वाटलं उजेडाचा भास असेल. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. फिकेपणा तसाच. मधासारखा रंग होता, त्याची वाळलेल्या गवतासारखी छटा झाली होती.

बाबांना हे दिसलं कसं नाही, याचं मला नवल वाटलं. टेबलावर कुणी ओला पेला ठेवला तर पलीकडच्या खोलीतून ज्यांना कळायचं, त्यांच्या हाताखाली टेबलाचा रंग उडत होता. मी एकदा सुचवून पाहिलं.

"बाबा, त्या कोपऱ्यावर ऊन येतंय का हो?"

"येत असेल. येतं आणि जातं."

"मग थोडं सरकवू या?"

"नको. आहे तिथे ठीक आहे."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, काचेच्या इमारतीचा हिशेब त्यांच्या डोक्यातच नाही. पश्चिमेचं ऊन त्यांना पाठ आहे. हे उलटं परतून येणारं ऊन त्यांच्या बापजन्मी आलं नव्हतं. आता चूक कबूल करायची नाही म्हणून 'आहे तिथे ठीक' चाललंय. तू त्यांना ओळखत नाहीस अजून."

मला ते पटलं. आणि वाईट वाटलं. एवढं एकच टेबल त्यांनी आपलं म्हणून केलेलं, आणि ते नुसत्या हट्टापायी खराब होणार. मी कामावर जायला लागल्यावर तर पडद्याकडे बघायलाही कुणी नसणार. त्यांना न दुखावता टेबल वाचवायचं, असं मी ठरवलं. बोलायचं नाही, नुसतं सरकवून टाकायचं. एकदा सरकलेलं पाहिलं की राहू देतील, वर मनातून बरंच वाटेल.

रविवारी दुपारी बाबा आत भिंगरीला थोपटता थोपटता स्वतःच झोपले. मी आणि नवऱ्याने टेबल उचललं. ओढलं तर जमिनीवर चरा पडेल म्हणून उचललं. एवढं शिकलोय आम्ही त्या घरात. आतल्या भिंतीला लावलं. गुंडाळलेली सतरंजी तिथे भिंतीशी आडवी पडलेली होती, ती काढून टेबल होतं तिथे टाकली. खोली पूर्वीच्या उन्हाळ्यांसारखी दिसायला लागली. नवरा कामासाठी बाहेर गेला, मी गच्चीवर कपडे काढायला.

कपडे हनुवटीपर्यंत रचून मी खाली आले. पायाने दार ढकललं आणि समोर बाबा दिसले.

भिंगरी उठली असणार. ती त्यांच्या डाव्या हातावर होती, त्यांच्या खांद्यावर नाक घासत. त्यांचा उजवा हात कपाटावर होता. कपाटावरून तो आरामखुर्चीच्या पाठीवर आला, इतक्या सहज, की मी ते रोज पाहत आले होते आणि कधीच पाहिलं नव्हतं. खुर्चीची पाठ संपली. हात पुढे गेला, तळवा खाली, टेबलावर टेकवतात तसा. खाली काहीच नव्हतं. हात थोडा आणखी खाली गेला. बाबांनी पाऊल टाकलं. आणखी एक. मान सरळ, नजर थेट माझ्याकडे, आणि त्या नजरेत पायांपुढची सतरंजी नव्हती.

मी पुढे होईपर्यंत त्यांचा पाय सतरंजीला अडला.

ते पुढे झुकले आणि पडता पडता त्यांनी अंग वळवलं. कसं वळवलं देव जाणे. पाठीवर पडले, उजवा हात अंगाखाली, आणि भिंगरी छातीवर. घंटी एकदाच जोरात वाजली. मग ती रडायला लागली.

कपडे कुठे टाकले मला आठवत नाही. मी तिला उचललं, डोकं चाचपलं, हात, पाय, पुन्हा डोकं. काही झालं नव्हतं. नुसती घाबरली होती. बाबा तसेच पडलेले होते, तोंड वर करून.

"तिला लागलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं. नाही लागलं."

मग त्यांनी विचारलं, "टेबल कुणी हलवलं?"

एवढं झाल्यावर यांना टेबलाचं पडलंय, असं माझ्या मनात आलं. "मी हलवलं," मी म्हणाले. "ऊन येत होतं त्याच्यावर. खराब होत होतं."

"येऊ दे की!" बाबा ओरडले. "येऊ दे की ऊन! मी सांगितलं होतं ना, आहे तिथे राहू दे म्हणून!"

त्या घरात कुणी असं कधी बोललं नव्हतं. मी भिंगरीला छातीशी धरून उभी राहिले. आता मला खोली दिसली. आतल्या खोलीच्या दारापासून कपाट, कपाटापासून आरामखुर्ची, खुर्चीपासून टेबल, टेबलापासून शेल्फ, शेल्फापासून स्वयंपाकघर. एकावरचा हात सुटायच्या आत दुसऱ्यावर पोचेल, एवढंच अंतर. त्यांनी या वर्षी उन्हाची मांडणी केलीच नव्हती. कठडा बांधला होता.

"तुम्हाला दिसत नाही," मी म्हणाले.

ते उठायला डाव्या हाताने जमीन चाचपत होते.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही. आणि तुम्ही माझ्या लेकीला उचलून फिरत होतात!"

"दिसतं," ते म्हणाले. "समोरचं दिसतं."

माझ्या मनात दया नव्हती, हे सांगायला हवं. राग होता. त्याच रागात मी त्यांना उठवून बसवलं. त्यांचं मनगट भराभर सुजत होतं.

बाबांच्या हाताला प्लास्टर घालून आल्यावर नवरा आधी माझ्यावरच घसरला, टेबल उचलायला तोही होता हे विसरून. मग म्हणाला, "सुई ओवतात ते! सुई! न दिसणारा माणूस सुई ओवतो?" त्याला ते खरं असायला नको होतं. वडील आंधळे होतायत यापेक्षा बायको काहीतरी मनात घेऊन बसलीय, हे त्याला सोसणारं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांच्याबरोबर गेले. बाईंनी त्यांना सरळ आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि एक बोट बाजूने हळूहळू पुढे आणायला लागल्या. "दिसलं की सांगा." बोट कानाजवळून निघालं. गालापर्यंत आलं. मला तिथल्या खुर्चीवरून दिसत होतं, त्यांना दिसत नव्हतं. ओठावर आलेलं "हे काय, हे इथे" मी गिळत बसले. बोट जवळजवळ नाकासमोर आलं, तेव्हा बाबा म्हणाले, "आता."

खालून तर त्याहून उशीर.

काचबिंदू, बाई म्हणाल्या. कडेकडेने दृष्टी जाते, मधलं शेवटपर्यंत राहतं, म्हणून पेपर वाचता येतो, सुई ओवता येते आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही. आहे तेवढं थेंबांनी टिकवायचं.

"थेंब घालतोय मी," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षापासून."

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी जमिनीकडे.

घरी आल्यावर भिंगरीला घेऊन नवरा खाली गेला. मी चहा केला. बाबा आरामखुर्चीत बसले होते. टेबल अजून आतल्या भिंतीलाच होतं. मी कप त्यांच्या हातात दिला, बोटांना काठ लागेल असा.

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडली असतीस."

"सोडली असती, तर माझं मी बघितलं असतं. हे ठरवणारे तुम्ही कोण?"

"कुणी नाही," ते म्हणाले. कप गुडघ्यावर टेकवून म्हणाले, "मी काही तुझ्यावर उपकार करायला निघालो नव्हतो. तसं समजू नकोस. ही गेल्यावर घरात मला विचारून होणारं एकच काम उरलं होतं, या उन्हाचं. तेही वर्षातून तीन-चार महिने. मग पोर झाली. पोर सांभाळणारा माणूस म्हणजे घरात कुणीतरी असतो. दिसत नाही म्हटलं असतं की मीही एक बसवून ठेवलेली वस्तू झालो असतो. चादर टाकलेली."

मी रिकामा कप त्यांच्या हातातून घेतला.

"आणि टेबलाचा रंग उडतोय ते मला दिसत होतं," ते म्हणाले. "थाळीएवढं दिसतं मला, पण त्या थाळीत जे येतं ते चोख दिसतं. तू फडक्याने कोपरा पुसलास त्याच्या आधीच मी पाहिला होता तो. रोज पाहत होतो. आज किती गेलं, काल किती होतं. एका बाजूला ते होतं, एका बाजूला हातावरची पोर. मग म्हटलं जाऊ दे."

बोलताना त्यांचा आवाज बदलला नाही. माझा राग कुठे गेला नव्हता, पण आता तो धरून ठेवायला हात पुरत नव्हते. ज्या टेबलाला मी त्यांच्यासाठी वाचवत होते, ते त्यांनी माझ्या लेकीसाठी केव्हाच सोडून दिलं होतं. आणि तरीही लेक पडली होती. दोन्ही खरंच होतं.

"पोरीला माझ्याकडे एकटीला ठेवू नकोस," बाबा म्हणाले.

गेले कित्येक आठवडे मला याच एका वाक्याची भीती होती, आणि ते मलाच बोलावं लागेल म्हणून मी रात्री कूस बदलत होते. ते त्यांनी बोलून टाकलं. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"पण म्हणून घरी बसू नकोस," ते पुढे म्हणाले. "बसलीस तर माझ्यामुळे बसलीस, हे मला रोज बघावं लागेल. तेवढं दिसतं मला."

शिवणमावशींचं नाव नवऱ्याने काढलं. त्यांच्या घरात खिडकी एकच, तीही मागच्या बोळाकडची. दिवसा दिवा लावून शिवतात. त्यांनी मशीन आमच्याकडे पश्चिमेच्या खिडकीशी आणायचं. त्यांना उजेड मिळेल, भिंगरीला डोळ्यांपुढे माणूस.

"म्हणजे मला राखायला बाई ठेवताय," बाबा म्हणाले.

"भिंगरीला," नवरा म्हणाला.

"तेच ते."

"बाबा, तुम्हाला राखायला एक बाई पुरणार आहे का?" मी म्हणाले. ते हसले नाहीत. पण चहा मागितला, तेव्हा त्यांचा होकार मी समजले.

आम्ही टेबल परत खिडकीखाली आणलं. बाबा मध्ये उभे राहून प्लास्टर नसलेला हात पुढे करत होते, "अजून जरा. अजून. हं, इथे." मी वर जाड चादर घालू का विचारलं, निदान तेवढं तरी. "नको," ते म्हणाले. "कापड हाताखाली सरकतं. लाकूडच बरं." सतरंजी नवऱ्याने माळ्यावर टाकली.

मावशींना काय सांगायचं, हा प्रश्न उरला. नवऱ्याचं म्हणणं, बाबांचा हात मोडलाय एवढं सांगू, तेवढं पुरे. बाकी हळूहळू कळेल. बाबा ऐकत होते. हात एक दिवस बरा होणार होता. त्यानंतर काय, हे मी विचारलं नाही. त्यांच्या डोळ्यांबद्दल बोलायचा हक्क माझा की त्यांचा, ते मला ठरवता येईना. पण माझी लेक त्या घरात राहणार होती, आणि एकदा गप्प राहून काय होतं ते मी पाहिलं होतं. मावशींना मी सांगणारच, असं मी मनाशी पक्कं केलं. फक्त बाबांच्या तोंडावर नको, जिन्यात गाठून.

कामावर जायच्या सकाळी नवऱ्याने मशीन उचलून आणलं. मावशी मागे, दोन पिशव्या भरून कापड, गळ्यात मापाची पट्टी, कानामागे कापडावर खुणा करायचा खडू. आत येताच त्यांनी खोली नजरेने मापली.

"उजेड म्हणजे काय उजेड आहे तुमच्याकडे! आणि तो पडद्याआड कोंडून ठेवता. बरं, मशीन खिडकीला लावायचं तर हे टेबल मधे येतंय. चला, जरा पलीकडे घेऊ या."

आणि त्यांनी टेबलाच्या कडेला हात घातला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. जिन्यात गाठायची वेळ निघून गेली होती. मी तोंड उघडलं.

"मावशी," बाबा म्हणाले. ते आरामखुर्चीत होते, भिंगरी मांडीवर. "ते टेबल हलवायचं नाही. ही खुर्ची नाही, कपाट नाही, शेल्फ नाही. मला दिसत नाही."

मावशी हसल्या. "काहीतरीच! हात मोडायच्या आदल्या दिवशी सुई ओवून दिलीत."

"सुई दिसते. सुईच्या बाजूचं काही दिसत नाही. परवा मी पोरीला घेऊन पडलो. हात त्यात मोडला."

मावशींनी टेबलावरचा हात काढला. भिंगरी बाबांच्या शर्टाचं बटण तोंडात घालायला बघत होती.

"हिला मी उभ्याने उचलणार नाही," बाबा म्हणाले. "बसलेला असेन तेव्हा मांडीवर द्या. कधी विसरलो तर ओरडा. लाजू नका."

"ओरडायला मी कधी लाजलेय?" मावशी म्हणाल्या, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मग त्या खाली बसल्या. कानामागचा खडू काढला आणि टेबलाच्या पायाभोवती जमिनीवर रेघ ओढायला लागल्या.

खडूचा कर्रकर्र आवाज बाबांनी ऐकला. "काय करताय?"

"खूण. केर काढताना पाय सरकला तर परत तिथेच आणता येईल."

ती जमीन बाबांनी गुडघ्यांवर बसून काचपेपरने घासलेली होती. तिच्यावर कुणी चपला घालून आलेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"ठळक करा," ते म्हणाले. "आणि शेल्फाच्या पायांनाही."

मावशी गुडघ्यांवर सरकत चारही पायांभोवती फिरल्या, मग खुर्ची, मग शेल्फ. उठून हात झटकले आणि भिंगरीला घ्यायला पुढे केले. बाबांनी तिला एका हाताने सैल सोडलं. ती मावशींच्या खांद्यावरून त्यांच्याकडे झेपावत रडायला लागली. बाबांचा हात वर आला. तो त्यांनी खाली घेऊन खुर्चीच्या दांडीवर ठेवला, आणि तिथेच ठेवला.

"निघ तू," ते मला म्हणाले. "उशीर करू नकोस पहिल्याच दिवशी. आणि जाता जाता तो पडदा उघड. मावशींना उजेड लागेल."

सकाळची वेळ होती, ऊन अजून आमच्या घराच्या मागच्या, पूर्वेच्या अंगाला होतं. मी पडदा कडेपर्यंत सारला, बांधून टाकला. मग चपला घातल्या आणि मागे न बघता जिना उतरायला लागले.